उडीमेजरचा थापा

मिरजेच्या डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वर कापावा लागेल असं सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांनी एकच विचारलं, "डावाच ना?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी कागद बघितला, मग पाय बघितला. "डावाच, फौजी. उजवा चांगला आहे."

"उजवा चांगला असून काय उपेग न्हाई. उठायचो मी डाव्यावर."

डॉक्टरांना वाटलं, खाटेवरनं उठायचं म्हणतायत. ते म्हणाले, काळजी करू नका, कुबड्या मिळतात, जखम भरली की कृत्रिम पायही बसवू. मी मधे बोलले नाही. धावत येऊन एका पायावर उठायचं आणि उडी मारायची, ही बास्केटबॉलमधली भानगड मलाही लग्नानंतरच कळली होती. डॉक्टरांना त्या दिवशी अजून बरेच पाय बघायचे होते.

"सोमवारी या," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "जास्त थांबू नका, काकू. साखरेचा पाय आहे, काळं वर सरकतंय. आज घोट्याचं काम आहे, ते गुडघ्यावर जायला नको."

मी हो म्हटलं. येताना भाड्याच्या गाडीत हे तासगावपर्यंत गप्प होते. तासगाव माझं माहेर. रस्त्याकडेला बेदाण्याच्या शेडांच्या हिरव्या जाळ्या दिसायला लागल्या की मी काहीतरी बोलतेच, ही त्यांना सवय आहे, पण त्या दिवशी मीही बोलले नाही. मग तेच बोलले.

"पाय देतो. पण आधी उडी मोजून घ्यायची."

"कुणाची?"

"माझी. दुसरं कोण मारत हुतं गावात?"

माझे यजमान आकाराम फौजेतनं हवालदार म्हणून सुटले, पण आमच्या भागात फौजेतनं सुटलेला प्रत्येक गडी मेजरच असतो. रहिमतपूरच्या पुढं आमचं गाव लहान, तरी त्यात मेजर पुष्कळ, म्हणून ओळखायला ह्यांना उडीमेजर म्हणतात. एक दारूमेजर आहेत. त्यांच्या मानानं आमचं बरंच म्हणायचं.

उंचीनं हे बेताचेच. फौजेच्या बास्केटबॉल संघाच्या फोटोत दोन उंच सरदारजींच्या मधे असे दिसतात, की दोघांनी मिळून सामान धरलंय. पण उडी अशी होती म्हणे, की पलटणीतली माणसं ताट सोडून सराव बघायला यायची. सांगलीत एकदा सामना चालू असताना बॉल रिंग आणि बोर्डाच्या बेचक्यात अडकला. लोक काठी शोधायला पळाले. ह्यांनी दोन पावलं टाकली, वर गेले, बॉलला खालनं थापटी मारली आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. ही गोष्ट मला सांगलीतल्या इतक्या माणसांनी डोळ्यांनी बघितली म्हणून सांगितलीय, की ते सगळे त्या दिवशी खरंच आले असते तर मैदानाची भिंत पडली असती.

सामन्याचे निकाल कुठं ना कुठं लिहिलेले असतात. कप तर आमच्या कपाटात आहेत, त्यातल्या मोठ्यात मी बटणं आणि सुयादोरे ठेवते. उडी मात्र कुठं राहत नाही. वर गेलेला माणूस खाली आला की संपलं. लग्नात मारली तेव्हाही आमच्यात कुणाकडं फोटो काढायचं यंत्र नव्हतं, आणि असतं तरी लोकांनी नवरीचा फोटो काढला असता.

राहिली होती ती एक खूण, भैरोबाच्या देवळाच्या भिंतीवर. आमच्याकडं नवरानवरी वरातीतनं आधी देवाला येतात आणि हळदीत हात बुडवून भिंतीवर थापा मारतात. आमच्या लग्नात पोरं ह्यांना म्हणाली, बास्केटवाला हायस ना, मग वर मार की. ह्यांनी मारला. बाकीच्यांचे थापे पुढच्या रंगात गेले, ह्यांचा मात्र गावानं ठेवला. दरवर्षी जत्रेला भिंत रंगली की तो थापा पुन्हा पिवळा व्हायचा. पावणेरावळे आले की त्यांना दाखवायचे. गावात दाखवायला दुसरं होतं काय, एक बंद पडलेली पाण्याची टाकी.

आणि ह्या वर्षी कॉलेजातल्या यशराज नावाच्या पोरानं त्या थाप्याला हात लावला. धावत आला, उडी मारली, थाप्यावर पंजा टेकवला आणि खाली येऊन मोबाइलकडं बघत दंड दाखवले. ते रील सगळ्या गावच्या फोनवर फिरलं. ह्यांनी ते खाटेवर पडल्या पडल्या बघितलं. पुन्हा बघितलं.

"पोरगं चांगलं उठतंय," ते म्हणाले. "पण जमीन वर आलीय."

हेच ते पारावरच्या लोकांनाही म्हणाले. जमीन खरंच वर आली होती. देवळापुढं आधी माती होती. मग मुरूम टाकला, मग शहाबादी फरशी आली, मग कुणाच्या तरी फंडातनं काँक्रीट, आणि आता रंगीत ब्लॉक. आमच्याकडं जुनं काढून नवं करायची पद्धत नाही, जुन्याच्या डोक्यावर नवं करतात. हे सगळ्यांना दिसत होतं. पण म्हाताऱ्या खेळाडूनं सांगितलं की ते खरं असलं तरी निमित्त वाटतं. "व्हय मेजर, जमीन वर आलीया," असं लोक म्हणायचे, आणि एकमेकांकडं बघायचे.

ते बघणं त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यात आता पाय जाणार. गाडीत ते मला म्हणाले, "ह्या पायानं जल्मात एकच काम धड केलं. ते किती केलं एवढं कळू दे. मंग नेऊ दे त्यांना."

मी घरी येऊन अपूर्वाला फोन केला. ही सांगलीत मुलींना बास्केटबॉल शिकवते. हे सुटून आल्यावर काही वर्षं सांगलीत एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, आणि ही तेव्हा त्यांच्या हाताखाली खेळायची, दोन वेण्या आणि गुडघ्याला कायम खरचटलेलं. ती म्हणाली, "काकू, आधी ऑपरेशन करा. उडी कुठं पळून जाते?"

"तेच मी त्यांना म्हटलं."

"मग?"

"मग म्हणाले, पाय पळून चाललाय."

अपूर्वा यायला तयार झाली. अडलं ते खणण्यापाशी. आमचा सरपंच जयराज, भला पोरगा. तो ह्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "मेजर, तुमच्यासाठी कायबी करंन. पण ब्लॉक नवं हायत. गुरवाला इचारू." गुरव म्हणाला, मला काय, सरपंचाला विचारा. मग कुणीतरी काढलं की अमावस्येच्या आधी देवापुढं पहार लावत नाहीत. मग दुसऱ्यानं काढलं की अमावस्येनंतर तर मुळीच लावत नाहीत. ह्या सगळ्यात सोमवार गेला.

रोज सकाळी मी पट्टी सोडवायचे. पट्टीच्या वरची कातडी आधी लाल दिसायची, मग जांभळी. मी काही बोलले नाही तरी हे माझ्या तोंडाकडं बघून ओळखायचे कुठपर्यंत आलंय ते. मी हात जोडले. म्हटलं, "आवं, राहू द्या ती उडी. मला उडी नको, पाय पायजे. अर्धा तर अर्धा."

"दोन दिस," ते म्हणाले. "जयराज करतोय."

जयराजनं शेवटी केलं. पहार आणि ब्रेकर घेऊन दोन गडी आले. अपूर्वा सकाळच्या पहिल्या एसटीनं सांगलीहून निघून उन्हं तापायच्या आत पोचली, गळ्यात शिट्टी तशीच, हातात लांब टेप. ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. पायाला माती लागू नये म्हणून मी खताची कोरी पिशवी बांधली होती. पारावर गाव जमलं. तात्याबा, ह्यांच्याच वयाचे, लहानपणीचे सोबती, विडी पेटवून पुढंच बसले.

ब्लॉक सहज निघाले. काँक्रीटनं ब्रेकरला दमवलं. त्याखाली शहाबादी फरशी निघाली, तिचे तुकडे झाले. मग मुरूम. जसजसं खाली जायला लागले तसतसा गडी खड्ड्यात बुडायला लागला आणि भिंत उंच व्हायला लागली. मुरमाखाली मातीचा एक थर लाल लागला. गुलाल होता, कितीतरी जत्रांचा बसलेला. आणि त्याखाली पहार दगडावर वाजली. गड्यानं हातानं माती सारली. देवळाची बुडाची पायरी, जी असल्याचं निम्मं गाव विसरलं होतं.

ह्यांनी खुर्चीतनं वाकून बघितलं. "हीच," ते म्हणाले. "हिच्या कडंला माझं पाऊल हुतं. बघ गं, बघ, केवढी खाली हाय."

तात्याबा म्हणाले, "मेजर, लोकं वर बघून उडी वाढवत्यात. खाली खणून वाढवणारा तूच पयला रं गड्या."

सगळे हसले, आणि हेही हसले. खूप दिवसांनी दात दिसले. मला वाटलं, झालं, मोजा आता पटकन आणि गाडी बोलवा. गाडीवाल्याचा नंबर मी फोनवर काढूनच ठेवला होता.

अपूर्वानं समजावून सांगितलं. नुसत्या खुणेवरनं उडी कळत नाही. माणूस हात वर करून उभा राहिला की बोटं कुठं पोचतात ते आधी बघायचं, मग उडी मारल्यावर कुठं पोचतात ते, आणि ह्या दोन्हींतलं अंतर म्हणजे उडी. ह्यांना भिंतीशी उभं केलं. मी एका बाजूनं धरलं, जयराजनं दुसऱ्या. ह्यांनी हात वर केला. तो डोक्याच्या थोडा वर जाऊन थांबला. खांदा पुढं जाईना. त्यांनी दुसऱ्या हातानं कोपर ढकलून बघितलं.

"तवा सरळ जायचा," ते अपूर्वाला म्हणाले, जणू चूक तिला दाखवून देतायत.

"हो सर. मी धरते त्यात थोडं."

"मी उंचीनंबी जरा जास्त हुतो."

"तेही धरते."

तिनं टेप थाप्यापासून खड्ड्यात सोडली. गड्यानं खालचं टोक पायरीच्या बुडाला धरलं. तिनं आकडा वाचला. पुन्हा धरायला लावला, पुन्हा वाचला. मोबाइलवर वजाबाकी केली. मग तीच पुन्हा केली.

"कमी आली?" ह्यांनी विचारलं.

"नाही सर. जास्त येतेय."

"किती?"

"सर, एवढी कुणाचीच नसते. जगातल्या मोठ्यात मोठ्या खेळाडूंची नावं घेतात ना, त्यांचीही नाही. म्हणजे..." तिनं गावाकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "एवढं माणसाला जमत नाही."

तिचा उतरवलेला आवाज सगळ्यांना ऐकू गेला. गाव खूश झालं. "मंग? भैरोबाचा हात हुता पाठीवर," कुणीतरी म्हणालं. जयराज म्हणाला, "मॅडम, हाच आकडा द्या, आमी फलक लावतो."

ह्यांच्या तोंडावरचं हसू मात्र गेलं होतं. मला वाटतं, आपली उडी आपल्या पायाला माहीत असते. "चुकलंय," ते म्हणाले. "एवढा न्हाई गेलो मी. कोण गेलं न्हाई. काय तरी चुकलंय, परत मोज."

तेव्हा बिरदेव बोलला. हा गावचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं आणि जत्रेआधी देऊळ, ही त्याची कामं. तो पाराच्या टोकाला बसून तंबाखू मळत होता. इतक्या साध्या आवाजात बोलला, जसं काही हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

"मी वर घेतो की दरसाल."

"काय घेतोस?" ह्यांनी विचारलं.

"थापा. रंग मारला की जुना झाकून जातो, मंग नवा काढायला लागतो. बापबी माझा तसंच करायचा. जमीन वर आली का थापा खाली आल्यागत दिसतो, बारकी पोरं हसत्यात. म्हणून जरा वर घ्यायचा. मेजरचा मान नको राखायला?"

"किती वर?" अपूर्वानं विचारलं.

"त्येचं काय माप असतंय व्हय मॅडम. शिडीवरनं हात पुरंल तितका. यंदा शिडी मोडलीवती, बाकड्यावर उभा ऱ्हायलो. म्हणून तर त्यो यशराज पोचला, न्हाई तर त्येच्या बापाला जमत नव्हतं."

मी विचारलं, "आणि हात कुणाचा रं? पंजा?"

"माझाच की, काकू. मेजर तवा सांगलीला हुतं, कुटं गाठणार त्यास्नी."

मी भिंतीकडं बघितलं. थाप्याची पाचही बोटं कशी सरळ होती. आमच्या ह्यांची करंगळी बॉल लागून कधीची वाकडी झालीय, लग्नात हातात हात दिला तेव्हा मला ती आधी जाणवली होती. इतकी वर्षं मी जाता येता त्या थाप्याला नमस्कार केला, आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नाही की हा माझ्या नवऱ्याचा हात नाही.

बिरदेववर रागवावं तर कसं? गावानं आमच्यावर माया केली होती. शिडी लावून, वर चढून केली होती. खालनं सरपंचांनी जमीन वर आणली, वरनं पेंटरांनी थापा वर नेला, आणि जे मधे होतं ते कुठं गेलं हे पहारीनं निघण्यातलं नव्हतं.

तरी अपूर्वानं सोडलं नाही. तिनं बिरदेवला रंग खरवडायला लावला, खाली जुना थापा सापडतो का बघायला. पत्र्यानं खरवडल्यावर निळा निघाला, गेरू निघाला, चुना निघाला आणि सिमेंट निघालं. भिंतीला तडा गेला होता तेव्हा गिलावा पाडून नवा केला होता, हे गुरवाला आठवलं. जुना गिलावा कुठं गेला? "ओढ्यात," गुरव म्हणाला.

मग तिनं ज्यांनी उडी बघितली त्यांना विचारलं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी बघितली होती. तात्याबा उठून भिंतीपाशी गेले आणि काठीनं दाखवलं, इथं. दुसऱ्यानं त्यांची काठी घेतली आणि हातभर वर दाखवलं. तिसरा म्हणाला, तुमी दोगंबी चहाला गेलता तवा. त्यांच्यात जुंपली. कुणी लग्नातलं जेवण काढलं, कुणी बँड कुठला होता ते काढलं. ह्यांनी मान खाली घातली होती आणि पिशवीत बांधलेल्या पायाकडं बघत बसले होते.

अपूर्वा माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. "काकू, तुम्ही तर शेजारीच असाल. तुम्ही नाही बघितलं?"

मी नवरी होते. डोक्यावर पदर, त्यावर शालू, कपाळाला मुंडावळ्या, आणि सासूबाईंनी सांगितलेलं की गावात शिरल्यावर मान वर करायची नाही. मला माणसं दिसत नव्हती, माणसांचे पाय दिसत होते. लोकांचे अनवाणी पाय, नणंदेचे जोडव्यांचे पाय, आणि ह्यांचे. तेही माझ्यासाठी तोवर अनोळखीच होते, नवी हळद लागलेले, बोटं लांब. पोरं ओरडली, मार, मार. ते पाय मागं गेले. मग धावत आले, डावा रुतल्यासारखा मातीत दाबला गेला, आणि गेले.

मी खाली बघत होते. तिथं पाय नव्हते. नुसती माती होती, आणि डाव्या टाचेचा खड्डा. लोक वर बघत होते, मी त्या रिकाम्या जागेकडं बघत होते. मला नुकतंच बांधलेलं ते माणूस होतं, आणि ते यायचंच नाव घेईना. मला आठवतंय, मी घाबरले होते.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. सांगण्यासारखं काय होतं, मी उडी बघितलीच नव्हती. मी अपूर्वाला सांगितलं तेव्हा ती सरळ झाली. "काकू, मग चालेल. पाय हवेत किती वेळ होते ते कळलं तरी उडी काढता येते. वर जायला आणि खाली यायला वेळ लागतोच ना. डोळे मिटा. पाय उठले की 'हं' म्हणा, टेकले की परत 'हं' म्हणा. मी मोबाइलवर वेळ लावते."

मी डोळे मिटले. मी मुंडावळ्या आठवल्या, पाय आठवले, डावी टाच दाबली गेली. हं. माती. माती. माती. हं.

अपूर्वानं आकडा बघितला. "काकू, हे जरा जास्त होतंय. परत करू या, गडबड नको."

मी परत केलं. ह्या वेळी नेमकं करायचं ठरवलं, तर आधीपेक्षाही लांबलं. मला पाय दिसत होते, खोटं सांगत नाही, पण ते खाली आणायला मला जमत नव्हतं. मी मनात त्यांना खाली ओढत होते आणि वर सगळं गाव उभं होतं आणि डॉक्टर म्हणत होते डावाच. मी पुन्हा केलं. पुन्हा. दर वेळी वेगळं यायचं, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त.

"राहू दे," हे म्हणाले.

मी डोळे उघडले. ते माझ्याकडंच बघत होते. रागानं नाही. आजारी लेकरू आईकडं बघतं तसं.

"तूबी वर घ्यायला लागलीस," ते म्हणाले.

अपूर्वानं टेप गुंडाळायला घेतली, ती मधेच अडकली, मग तशीच पिशवीत कोंबली. जयराज हळूच म्हणाला, "मेजर, बेतानं एक आकडा धरू. तुमाला जो वाटतो त्यो. कोण इचारतंय?"

"मला वाटंना झालंय," हे म्हणाले. "काल वाटत हुतं. मातीतनं पायरी निघाली तवाबी वाटत हुतं. आता ह्यांच्या काठ्या बघितल्या आन् माझंबी गेलं. कुटपातूर गेलतो, मलाच आठवंना." मग त्यांनी बिरदेवला हाक मारली. "बिरदेवा, त्यो थापा पुसून टाक."

बिरदेव चपापला. त्यानं गुरवाकडं बघितलं. गुरवानं मान हलवली. "मेजर, देवाच्या भिंतीवरचा थापा पुसत नसत्यात. पाप लागतंय."

खड्डा त्याच दिवशी बुजवला. निघालेला मुरूम त्यात बसेना, खणलेली माती कधीच परत बसत नाही, म्हणून ब्लॉक तिथं जरा उंचच बसले. मी गाडीवाल्याला फोन लावला. हे गाडीत बसले. "चल मिरजेला," एवढंच म्हणाले, जसं बाजाराला जायचंय.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि माझ्याकडं बघितलं. रागवले नाहीत. रागवले असते तर बरं झालं असतं. "सोमवारी म्हणालो होतो," ते म्हणाले. आता गुडघ्याच्या वर. त्यांनी मांडीवर निळ्या पेनानं रेघ मारली. हे त्या रेघेकडं बघत होते. मला वाटलं, काही तरी विचारतील, डावाच ना वगैरे. त्यांनी काही विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. आता आम्ही खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात आहोत. चादर एका बाजूला सपाट असते, आणि येणारी जाणारी माणसं आधी तिथं बघतात, मग तोंडाकडं. ह्यांना जेवण जात नाही. मी तासगावच्या भावाला सांगून बेदाणे मागवले, ते उशाशी पडून आहेत. अपूर्वा एकदा येऊन गेली. तिच्या मुलींचा सामना होता, त्याचं सांगत बसली. हे ऐकत होते, पण उडीचा शब्द आला की ती चाचरायची आणि दुसरंच काही बोलायची. जाताना तिनं त्यांच्या वाकड्या करंगळीला हात लावला आणि पटकन वळली.

शेजारच्या खाटेवर कवठ्याचा एक ट्रकवाला आहे, मांडीत सळई घातलेला. बोलका माणूस. डॉक्टर काय म्हणाले, नर्सचं लग्न कुठं ठरलंय, सगळं त्याला ठाऊक असतं. काल दुपारी त्यानं ह्यांच्याकडं बघून विचारलं, "मेजर, फौजेत खेळत बिळत हुता काय? खांदं खेळाडूचं दिसत्यात."

"बास्केटबॉल," हे म्हणाले.

"आयला. त्येला तर उंची लागती. तुमी तर माझ्याएवढं. मंग उडी लय आसंल की."

मी फडक्यानं पाण्याचा तांब्या पुसत होते, ते थांबवलं. हे छताकडं बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "बरा हुतो."

आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. भिंत नुकतीच रंगवलेली आहे, हिरवट, कोरी. ट्रकवाल्याला पटलं नसावं. त्यानं आवाज खाली आणून मला विचारलं, "खरं सांगा वहिनी, किती मारायचे?"

मी सांगायला हात वर केला. कुठं थांबवायचा कळेना, म्हणून सलाईनची बाटली सरळ केली. ती सरळच होती.